ओठातली फिरकी

९ ऑक्टोबर, बाजाराचा दिवस

बीपी वाढलंय. पाथर्डीच्या डॉक्टरांनी गोळी दिली आणि म्हणाले, राग आला की कुणाला न बोलता वहीत लिहून टाकत जा. मला राग येत नाही, असं त्यांना तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितल्यावर त्यांनी पुन्हा बीपी घेतलं.

असो. वही आणली.

आज बाजारात कान टोचायला मोजकीच लेकरं. दरवर्षी दसरा झाला की ऊसतोडीला निघायच्या आधी बायका लेकरं घेऊन दुकानापुढे बसतात. एकदा फडावर गेलं की तिकडे कोण टोचणार? आमचं सोनाराचं दुकान, तिसगावात. दुकान ह्यांचं, राधाकृष्णांचं. सुई माझी. सासऱ्यांनी दिली. माझा हात हलका आहे, हे आसपासच्या सगळ्या गावांत माहीत आहे.

दुपारी ऊसतोडीला जाणारी लंकाबाई समोरून गेली. कडेवर नात. नातीच्या कानात खडे. खडे आमच्याकडचे नव्हते. हिच्या सगळ्या पोरांचे कान मी टोचले. विचारलं. ती म्हणाली, "गोरक्षाकडं गेल्ते पाथर्डीला. बंदूक लावतो, पोरगी रडली बी न्हाई. तुमी रागाऊ नका सोनारीणबाई, पर तुमची सुई लई दुखती."

गोरक्ष म्हणजे आमच्याच मागच्या गल्लीतला पोरगा. पाथर्डीच्या स्टँडजवळ मोबाईल कव्हरचं दुकान काढलं, आता त्यातच कान-नाक टोचतो. ह्याचे स्वतःचे कान कुणी टोचले? मी. मामाच्या मांडीवर बसला होता, हातात गुळाचा खडा, आणि माझ्या अंगठ्याला चावला. खूण अजून आहे. रागाने सांगत नाही, आठवण म्हणून.

संकल्प: गोरक्षाचं नाव मनात आणायचं नाही.

१० ऑक्टोबर

पहाटे डोळे उघडले तर गोरक्ष मनात.

आज पाण्याच्या टाकीवर बायकांना सहज सांगितलं की बंदुकीने कान कुजतात. ज्या हाताने मोबाईल पुसायचे त्याच हाताने लेकराचा कान धरायचा. बायकांना पटलं. एकीने विचारलं, दुकान नेमकं कुठे आहे. स्टँडवरून डावीकडे, रसवंतीला लागून, असं सांगितलं.

पत्ता सांगायला नको होता.

११ ऑक्टोबर

गोरक्षाचे दोन मिस्ड कॉल. उचलले नाहीत. लंकाबाईने सांगितलं असणार की मला वाईट वाटलं. आता माफी मागायची असेल. एवढ्या सहज नाही देणार.

१२ ऑक्टोबर

आमची पोरगी कावेरी म्हणते, तिला ओठाखाली टोचायचंय. अकरावी सायन्स. पाथर्डीला जीपने जाते-येते आणि येताना रोज काहीतरी नवीन घेऊन येते. मी नाही म्हटलं. हेही नाही म्हणाले, भिंगातून डोळा न काढता. विषय संपला.

जेवताना तिने शांतपणे सांगितलं की काही हरकत नाही, मंगळवारी कॉलेज सुटल्यावर गोरक्षदादा करून देणार आहे. त्याची दिवाळीची ऑफर आहे.

माझी तव्यावरची भाकरी करपली.

माझ्या पोरीच्या तोंडाला गोरक्षाने पाडलेलं भोक. रोज समोर. वाढताना, देवासमोर, लग्नाच्या फोटोत. लंकाबाई ही गोष्ट सगळ्या ऊसपट्ट्यात सांगत फिरेल.

१३ ऑक्टोबर

खूप विचार केला. आजकालच्या मुलांना समजून घेतलं पाहिजे. त्यांच्या मनाविरुद्ध गेलं की ती दुरावतात. म्हणून आई या नात्याने निर्णय घेतला की कावेरीचा ओठ मीच टोचणार. या निर्णयाचा गोरक्षाशी काही संबंध नाही. मात्र ते मंगळवारच्या आत झालं पाहिजे.

कावेरीने मिठी मारली. दहावीच्या निकालानंतर पहिल्यांदाच.

दुपारी. हे माल आणायला नगरला गेले होते. सुई उकळली. कानाला मी सोन्याची तार घालते, कुणाची ऐपत नसेल तर कडुनिंबाची काडी. ओठाला काय घालतात ते सासऱ्यांनी सांगितलं नव्हतं. त्यांच्या काळी कुणी मागितलंच नसेल. शोकेसमधली नाकातली चमकी घेतली, लांब दांडीची, आतून बसवायला चांगली जाडजूड फिरकी. पोटात जायला नको म्हणून मोठीच निवडली. गोरक्षाकडे असली फिरकी जन्मात मिळणार नाही.

एक टोचा. हात हलका तो हलकाच. रक्त थोडं. म्हणजे एक टॉवेल.

१५ ऑक्टोबर

ओठ सुजलाय. कानही सुजतो. हळद आणि खोबरेल दिवसातून तीनदा लावतेय. कावेरी म्हणते, दिवसभर तोंडात भाजीची चव आहे. कडुनिंबाच्या पाण्याने चूळ भरायला लावली तर उलटी झाली. हल्लीच्या मुलांना कडू सोसत नाही.

१६ ऑक्टोबर, बाजाराचा दिवस

कावेरीला दुकानाच्या पायरीवर बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांना काम दिसावं म्हणून. हस म्हटलं. तिला हसता येईना. लंकाबाई ट्रॅक्टरवर बसून निघाली होती. तिने वरूनच विचारलं, पोरीला गांधीलमाशी चावली काय.

अडाणी बाई. फॅशन कळत नाही.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

कावेरीने करंजी खाल्ली नाही, चिवडा नाही, चकलीकडे तर बघितलंही नाही. ताकभात कालवून दिला, तो गिळला. दिवाळीत एवढा संयम मी कुणाचा पाहिला नाही.

ह्यांनी आज पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. मग शोकेसमधल्या रिकाम्या खाचेकडे पाहिलं. मग माझ्याकडे. काही बोलले नाहीत. हे चिडले की कमी बोलतात. आज अजिबातच बोलले नाहीत, त्या अर्थी चिडलेले नसावेत.

२ नोव्हेंबर

सूज उतरली. म्हणजे कोण बरोबर होतं ते दिसलं.

कावेरीला एक नवीन सवय लागली आहे. अभ्यास करताना जिभेने आतली फिरकी दातांवर वाजवते. टक टक टक. आवाज सगळ्या घरात ऐकू येतो. मला छान वाटतं. घरात माझं काम वाजतंय.

१४ नोव्हेंबर

कावेरीच्या खालच्या पुढच्या दाताचा टवका उडाला. भाकरीत खडा आला असणार. गिरणीत जाऊन भांडून आले. गिरणीवाला म्हणाला, खडा दाखवा. म्हटलं, गिळला असेल तर कसा दाखवू. तर म्हणाला, मग दात कशाने तुटला.

गिरणी बदलली. नवीन गिरणी लांब आहे, पण तत्त्वाचा प्रश्न आहे.

२० नोव्हेंबर, बाजाराचा दिवस

बाजारात एकही लेकरू नाही. सगळे उसाला गेलेत हे खरं, पण जे मागे राहिलेत त्यांना कान नाहीत का? पाथर्डीहून आलेल्या दोन बायकांच्या मुलींना खडे. बंदुकीचे.

कडूबाई आली होती. ती आमच्या गावची आशा सेविका, किशोरवयीन मुलींच्या बैठका घेते. म्हणाली, पुढच्या महिन्यात नगरहून दातांच्या डॉक्टर मॅडम भाषणाला येणार आहेत, विषय ठरायचाय.

देव एकेकदा दार उघडतो ते असं.

मी विषय दिला. तोंडाला आणि चेहऱ्याला टोचून घेतल्याने किशोरवयीन मुलांच्या आरोग्यावर होणारे दुष्परिणाम. कडूबाई म्हणाली, एवढं लांब तुला कसं सुचलं. म्हटलं, समाजाची काळजी असली की सुचतं.

योजना: सगळा गाव बोलवायचा. पाथर्डीच्या बायकाही. डॉक्टरच्या तोंडून ऐकू दे सगळ्यांना. आणि गोरक्षाला मी स्वतः फोन करून बोलवायचं.

केला. म्हणाला, हो काकू, नक्की येतो, बरं झालं बोलवलंत. बिचारा.

२८ नोव्हेंबर

कावेरीचा ओठ बाहेरून छान. चमकी अगदी घट्ट बसली आहे, थोडी आतच ओढल्यासारखी. आतली फिरकी बघू म्हटलं तर ओठ उघडेना. टक टक आवाजही बंद झालाय. तिने कसाबसा ओठ वळवून दाखवला, तर फिरकी दिसलीच नाही. म्हणजे अंगाने सोनं स्वीकारलं. अस्सल मालाचं असंच असतं.

एकाच बाजूने जेवते. तोंडाला वास येतो. टूथपेस्ट बदलली.

हिला काहीतरी सांगायचंय असं दोनदा वाटलं. पण मी सतरंज्यांच्या गडबडीत होते.

६ डिसेंबर

भाषणाची तयारी जोरात. बन्सी मंडपवाल्याकडून माईक ठरवला. साडी ठरली, जांभळी. गोरक्ष मान खाली घालून उठून जाईल तेव्हा माझा चेहरा कसा असावा, तेही ठरवलं. आनंद दिसता कामा नये. थोडी करुणा. आरशासमोर करून पाहिला. कावेरीने पाहिलं आणि विचारलं, बीपीची गोळी घेतली का.

तिने विचारलं, मी नाही आले तर चालेल का. म्हटलं, वेडी आहेस का. पहिल्या रांगेत बसायचं. नीट टोचलेलं कसं दिसतं, ते लोकांना कळायला नको का?

१४ डिसेंबर, संध्याकाळी

लिहायचं नव्हतं. पण डॉक्टर म्हणाले होते, लिहा.

शाळेचा हॉल भरला होता. बायका, पोरी, चारदोन पुरुष. गोरक्ष मागे उभा. डॉक्टर मॅडम तरुण, आवाज साधा. चादरीवर फोटो दाखवत होत्या. म्हणाल्या, तोंडात कायम ओल असते, जंतू असतात, तिथली जखम कानासारखी नसते. सुई नीट निर्जंतुक नसेल तर रक्तातून कावीळ लागू शकते. जीभ सुजली तर श्वास अडतो. धातू दातावर आपटून दाताचे टवके उडतात. आतली फिरकी हिरडीवर घासली की हिरडी खाली उतरते, दाताचं मूळ उघडं पडतं, आणि उतरलेली हिरडी आपोआप वर येत नाही. ओठ सुजला तर फिरकी मांसात रुतते, वरून कातडी धरते, मग ती कापून काढावी लागते.

प्रत्येक मुद्द्याला मी मागे वळून गोरक्षाकडे पाहिलं. तो मोबाईलमध्ये लिहून घेत होता. निर्लज्ज.

टवक्याच्या मुद्द्याला मला जरा गिरणी आठवली. पण तेवढ्यात पुढचा फोटो आला.

शेवटी मी उठले. माईक घेतला. विचारलं, जे लोक दुसऱ्यांच्या अजाण मुलांना असं करतात, त्यांचं काय करायला पाहिजे. टाळ्या पडल्या. पहिली मी वाजवली.

मॅडम म्हणाल्या, करणाऱ्याचं नंतर बघू, आधी मूल बघायला पाहिजे. इथे कुणी टोचून घेतलंय का तोंडाला?

सगळा हॉल पहिल्या रांगेकडे बघायला लागला. पूर्ण गावात एकच होतं. मीच पुढे बसवलं होतं.

मॅडम खाली आल्या. हातमोजे, टॉर्च. कावेरीने तोंड उघडलं. माझ्यासमोर महिनाभर नीट उघडलं नव्हतं. मॅडमनी खालचा ओठ वळवून पाहिला. मग हळूच विचारलं, कुणी केलं हे?

मागून कुणीतरी गोरक्षाचं नाव घेतलं. मी करुणेचा चेहरा केला. खरंच केला. सवय झाली होती.

गोरक्ष पुढे आला. म्हणाला, "मॅडम, ही आल्ती माझ्याकडं. मी परत धाडली. अठराची न्हाई म्हणून, आन् ओठाचं काम मला येत न्हाई म्हणून. म्हनलं, आईला इचार."

मॅडमनी कावेरीकडे पाहिलं. कावेरीने माझ्याकडे.

दिवाळीची ऑफर मोबाईलच्या काचेवर होती. हे गोरक्षानेच सांगितलं, कुणी न विचारता, समजावून सांगितल्यासारखं.

तेवढ्यात लाईट गेली असती तर बरं झालं असतं. एरवी रोज जाते. आज गेली नाही.

१५ डिसेंबर

नगरला जाऊन आलो, तिघंही.

मॅडमनी भूल दिली, ओठ आतून कापला. फिरकीवर कातडी आली होती. पू होता. मी कावेरीचा हात धरला होता. सुईच्या वेळी लेकरांचे हात आयांनी धरायचे असतात, मी कायम दुसऱ्या बाजूला असते. इकडच्या बाजूला काय होतं, ते माहीत नव्हतं.

फिरकी स्टीलच्या ताटलीत ठेवली. एवढीशी होती. मी तिला जाडजूड म्हणायचे.

टवका भरून देणार आहेत. पण त्या दाताची हिरडी उतरली आहे आणि दात किंचित हलतो. मी विचारलं, राहील ना. मॅडम म्हणाल्या, आत्ता सांगता येणार नाही, महिनाभर बघू. वय किती हिचं? मी सांगितलं, सोळा. त्यांनी ते कागदावर लिहिलं. दोनदा विचारल्यासारखं वाटलं मला, पण एकदाच विचारलं होतं.

१८ डिसेंबर, बाजाराचा दिवस

बाजारात बसले नाही. सुई हरवली म्हणून सांगितलं. सुई डब्यात आहे.

कावेरीला आज जरा बोलता आलं. विचारलं, गोरक्षाचं खोटं का सांगितलंस. तिने शांतपणे सांगितलं, "तू नाहीच म्हणणार होतीस. पण गोरक्षदादाचं नाव घेतलं की तू काहीही करतेस, आई."

चिडून नाही. बोचेल असंही नाही. घरात मीठ कुठे ठेवलंय, ते सांगावं तसं. हे पेपर वाचत होते. पान उलटलं. म्हणजे ह्यांनाही माहीत होतं. बहुतेक लंकाबाईलाही.

मी म्हटलं, दुखत होतं तर मला का नाही सांगितलंस. म्हणाली, तुझ्या कामाला नावं ठेवल्यासारखं झालं असतं.

तरी निःपक्षपातीपणे पाहिलं तर यात गोरक्षाचाही दोष आहेच. पोरीला परत पाठवली, तर मला एक फोन करायला काय झालं होतं त्याला?

नंतर ते दोन मिस्ड कॉल आठवले.

बीपी वाढलं असावं. मोजलं नाही.

२ जानेवारी

नवीन वर्षाचे संकल्प. एक, कुणावर सूड वगैरे उगवायचा नाही. दोन, तोंडाला सुई लावायची नाही, कुणाच्याच. तीन, गोरक्षाचं सगळ्या गावासमोर खरं ठरलं, त्याचं पुढे काहीतरी बघायचं.

तिसरा खोडला. पहिल्यात बसत नव्हता.

१२ जानेवारी

नगर. टाके कधीच विरघळले, जखम भरली. दात आहे. मॅडम म्हणाल्या, टिकेल असं वाटतंय, पण हिरडी उतरली ती उतरली, पुढे कदाचित टाळूची कातडी घेऊन तिथे लावावी लागेल. दर तीन महिन्यांनी दाखवायचं. ओठाच्या आत एका जागी तिला अजून कळत नाही. परवा चहा गरम होता, तिला समजलंच नाही. आता मी आधी बोट घालून बघते.

रोज सकाळी टॉर्च घेऊन तिची हिरडी बघते. मॅडमनी सांगितलंय, फक्त बघायचं, काही लावायचं नाही. हात पाठीमागे ठेवावे लागतात. आपोआप पुढे येतात. कावेरी तोंड उघडून उभी राहते आणि डोळ्यांनी हसते, म्हणते, बघ बघ, तुझी सुई कुठे आहे ते बघ आधी.

१५ जानेवारी

संक्रांत झाली. संध्याकाळी गोरक्ष घरी आला. तिळगूळ घेऊन. लाडू नव्हते, मऊ वड्या होत्या, कावेरीला चावता येणार नाही म्हणून आईकडून मुद्दाम करून आणल्या होत्या. ह्यांनी त्याला खुर्ची दिली. मला चहा ठेवायला सांगितलं.

माझ्या घरात, माझ्या खुर्चीत, माझ्याकडून चहा.

आत जाऊन ओट्यापाशी उभी राहिले. त्याला बोलायची वाक्यं तीन महिन्यांपासून तयार होती. एकेक आठवून पाहिलं. प्रत्येक वाक्यात शेवटी कावेरीचा ओठ येत होता. एकही वापरता येईना.

मग ठरवलं. चहात आलं घातलं नाही. तिसगावात पाहुण्याला कुणी बिनआल्याचा चहा देत नाही. थंडीचे दिवस. त्याला बरोबर कळेल, आणि बोलता येणार नाही. कप समोर ठेवला आणि बघत उभी राहिले.

एक घोट घेतला. मग दुसरा. मग माझ्याकडे बघून म्हणाला, काकू, सगळीकडे आलं घालतात, मला पित्त होतं, कुणाला सांगताही येत नाही. तुम्हाला कसं कळलं?

कावेरी हसली. हसताना ओठ बोटांनी धरावा लागतो तिला अजून. तसा धरून हसली.

गोरक्षाने आणखी अर्धा कप मागितला. दिला.